चौघांत एक शाकाहारी

४०.२ टक्के. २०१४ साली नमुना नोंदणी यंत्रणेच्या पायाभूत पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या लोकांपैकी इतके जण शाकाहारी निघाले. देशाचा आकडा २८.८५. गुजरात ६०.९५, राजस्थान ७४.९, उलट केरळ ३ आणि तेलंगणा अवघा १.३. महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधोमध आहे. इथे शाकाहाऱ्यांना वगळून धंदा होत नाही आणि मांसाहाऱ्यांना वगळूनही होत नाही.

परदेशी फास्ट फूडची दुकानं आपल्याकडे येऊन देशी कशी झाली, याचं उत्तर सहसा चवीत शोधलं जातं. मसाला वाढवला, पनीर आणलं, चटणीसारखं काही लावलं, वगैरे. चवीचा भाग आहेच, पण तो नंतरचा. त्याआधी एक साधं गणित आहे आणि ते अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या कुठल्याही चौघांवर करून बघता येतं.

समजा, चार जण एकत्र खायला निघाले आणि चौघांच्या खाण्याच्या सवयींचा एकमेकांशी संबंध नाही. प्रत्येक जण मांसाहारी असण्याची शक्यता ५९.८ टक्के. चौघेही मांसाहारी असण्याची शक्यता मग १२.८ टक्क्यांवर येते. उरलेल्या ८७ टक्के टोळक्यांत निदान एक तरी शाकाहारी असतो. दोघंच असतील तर हे प्रमाण ६४ टक्के, सहा जण असतील तर ९५. हेच गणित केरळच्या आकड्याने केलं तर चौघांत एखादा शाकाहारी निघण्याची शक्यता साडेअकरा टक्के, तेलंगणात पाच, गुजरातेत जवळजवळ ९८.

यातली खरी गोम अशी की मांसाहारी माणूस व्हेज बर्गर खाऊ शकतो, शाकाहारी माणूस चिकन खाऊ शकत नाही. त्यामुळे कुठे जायचं हे बहुमताने ठरत नाही, त्या एकाच्या पथ्याने ठरतं. त्याला खाण्यासारखं काही नसेल, किंवा आहे पण त्याच कढईतलं आहे अशी शंका असेल, तर चौघेही दुसरीकडे जातात आणि दुकानाचं चार जणांचं बिल बुडतं. ज्या दुकानात शाकाहाऱ्याची सोय नाही, ते उपनगरातल्या शंभर टोळक्यांपैकी फक्त तेरांसाठी स्पर्धा करत असतं.

खऱ्या आयुष्यात माणसं अशी चिठ्ठ्या टाकून एकत्र येत नाहीत, हे मान्य. घरात बहुधा सगळ्यांचं खाणं सारखं असतं. घाटकोपर, मुलुंडमध्ये अशा सोसायट्या आहेत जिथे मांसाहारी भाडेकरूला उंबरठ्यावरूनच परत पाठवतात, तेव्हा शेजारही निवडून घेतलेला असतो. हे लिहिताना वाईट वाटतं, पण हिशेबात ते धरायलाच हवं. तरीही मुलुंडच्या वझे-केळकर कॉलेजच्या बाहेर, विद्याविहारच्या सोमय्याच्या आवारात किंवा सीप्झमधून एकत्र सुटणाऱ्या कंपूत आडनावं, जाती, प्रांत मिसळलेले असतात. फास्ट फूडचं गिऱ्हाईक मुख्यतः तिथेच आहे. तिथे हे ८७ टक्के बरेचसे खरे ठरतात.

आता त्यात मराठी घरातला वार घाला. ‘आज माझा वार आहे’ हे वाक्य उपनगरात रोज ऐकू येतं. बुध, शुक्र, रवि हे खायचे दिवस. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. श्रावण वेगळाच. हा नियम काटेकोर पाळणाऱ्या माणसाचं वर्ष मोजलं तर श्रावणाचे ३० दिवस सोडून उरलेल्या ३३५ दिवसांतले तीन सप्तमांश, म्हणजे साधारण १४४ दिवस मांसाहाराचे. २२१ दिवस तो शाकाहारीच. पाहणीत मात्र तो मांसाहारी म्हणून नोंदला जातो. संकष्टी, एकादशी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार यात धरलेलेच नाहीत.

राज्यातल्या मांसाहाऱ्यांपैकी निम्मे असा वार पाळतात असं गृहीत धरू. हे निव्वळ गृहीतक आहे, मोजलेला आकडा नव्हे. तसं असेल तर एखाद्या सोमवारी मांस न खाणाऱ्यांचं प्रमाण ४० वरून ७० टक्क्यांवर जातं आणि चौघांत असा एक तरी निघण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या पुढे. कुठल्याही हॉटेलवाल्याला हे गणित कागदावर न मांडताही ठाऊक असतं. सोमवारी आणि रविवारी तो वेगवेगळी खरेदी करतो.

वारामुळे जेवणाची यादी बदलणं ही आपलीच खासियत आहे असंही नाही. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मॉनफोर्ट हाइट्स भागात लू ग्रोन नावाच्या माणसाने मॅकडोनल्ड्सचं दुकान काढलं होतं. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या वस्तीत ८७ टक्के लोक कॅथलिक होते आणि शुक्रवारी मांस खात नव्हते. शुक्रवारची विक्री ७५ डॉलरपर्यंत खाली येई. ग्रोनने माशाचा बर्गर बनवला. कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक यांना मासा पसंत नव्हता. त्यांनी अननसाची चकती घातलेला स्वतःचा बर्गर पुढे केला. १९६२च्या गुड फ्रायडेला दोन्ही विकायला ठेवले. माशाचे ३५० गेले, अननसाचे ६. आज जगभर मिळणारा फिले-ओ-फिश त्या दिवसाचा. भारतात यायच्या ३४ वर्षं आधीच या कंपनीने उपासाच्या वाराचा हिशेब एकदा करून पाहिला होता.

१९९६च्या ऑक्टोबरात मॅकडोनल्ड्स भारतात आली. १३ तारखेला दिल्लीत वसंत विहारला पहिलं दुकान उघडलं आणि त्याच महिन्यात मुंबईत वांद्र्याला. पश्चिम आणि दक्षिण भारताची जबाबदारी मुंबईच्या अमित जतिया यांच्या हार्डकॅसल रेस्टॉरंट्सकडे होती. तिची पालक कंपनी आज वेस्टलाइफ फूडवर्ल्ड म्हणून शेअर बाजारात आहे. गोमांस नाही, डुकराचं मांस नाही. बिग मॅकच्या जागी महाराजा मॅक, आधी मटणाचा, पुढे चिकनचा.

गोमांस वगळणं हे कायद्याने लादलेलं होतं असा अनेकांचा समज असतो. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती, पण बैल आणि वळू त्यातून सुटले होते. त्यांनाही बंदीखाली आणणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली मंजूर केली आणि राष्ट्रपतींची संमती मिळून ती मार्च २०१५मध्ये लागू झाली. मधली वीस वर्षं बैलाचं मांस राज्यात कायदेशीर होतं. म्हशीचं आजही आहे. कंपनीने १९९६ साली जे केलं ते गिऱ्हाईक ओळखून केलं. डुकराचंही तसंच: २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात मुस्लिम १९ टक्क्यांच्या आसपास होते. वरचंच चौघांचं गणित या आकड्यावर केलं तर ५७ टक्के टोळक्यांत निदान एक मुस्लिम निघतो. मांस हलाल असणं हाही याच हिशेबाचा भाग. २०१९ साली कंपनीने आपल्या सगळ्या दुकानांना हलाल प्रमाणपत्र असल्याचं ट्विटरवर सांगितलं, तेव्हा उलट बाजूने बहिष्काराच्या हाका उठल्या. एकाचं पथ्य सांभाळताना दुसऱ्याला ते खुपतं, ही अडचण कुठल्याच मेन्यूला पूर्ण सोडवता आलेली नाही.

गोमांस वगळणं तुलनेने सोपं होतं. अवघड आणि खर्चिक होतं ते स्वयंपाकघर दुभागणं. शाकाहारी पदार्थांचा ओटा निराळा, तळणीचं यंत्र निराळं, तेल निराळं, भांडी निराळी. शाकाहारी बाजूला काम करणाऱ्याचा अॅप्रन हिरवा. मेयोनीजमध्ये अंडं नाही, कारण आपल्याकडे अंडं मांसाहारात धरतात. जगात इतरत्र मेयोनीजमध्ये अंडं सहसा गृहीतच धरलेलं असतं. ज्या दुकानाचं सगळं अर्थशास्त्र एकाच यंत्रावर हजारदा तेच करण्यावर उभं आहे, त्याने प्रत्येक ठिकाणी दोन यंत्रं बसवायची म्हणजे जागा जाते. अंधेरी स्टेशनसमोर चौरस फुटाला काय भाव आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला या दुसऱ्या कढईची किंमत कळेल. माझ्या मते भारतातल्या मॅकडोनल्ड्सने केलेला सर्वांत मोठा बदल हा आहे, आणि तो मेन्यूच्या फळ्यावर दिसत नाही.

तो किती गरजेचा होता हे मे २००१मध्ये कळलं. अमेरिकेत १९९० साली मॅकडोनल्ड्सने बटाट्याच्या फिंगर चिप्स तळण्यासाठी गाईच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरायला घेतलं, पण चवीसाठी गोमांसाचा अर्क चालूच ठेवला. तिथल्या शाकाहाऱ्यांनी सिअॅटलमध्ये दावा लावला. बातमी इकडे पोचली आणि मुलुंडच्या पलीकडे, ठाण्यातल्या दुकानाची जमावाने मोडतोड केली. भारतातल्या चिप्समध्ये असा अर्क नसल्याचं कंपनीने सांगितलं. अमेरिकेतला दावा २००२ साली एक कोटी डॉलर देऊन मिटला. त्यातली ६० टक्के रक्कम शाकाहारी संस्थांसाठी होती. एका देशातल्या पाककृतीची झळ दुसऱ्या देशातल्या दुकानाला बसते, हे त्या महिन्यात ठाण्याने पाहिलं. मोडतोडीचं समर्थन होऊच शकत नाही. पण ताटात काय आहे हे खाणाऱ्याला खरं खरं सांगितलं पाहिजे, ही मागणी रास्तच होती.

दुसरं गणित पैशाचं. २००४ साली मॅकडोनल्ड्सने २० रुपयांची ‘हॅपी प्राइस’ यादी काढली. आलू टिक्की बर्गर त्यात होता आणि घराघरांत पोचला तो याच किमतीमुळे. बटाटा, मटार, पाव. मांस नाही, म्हणून माल स्वस्त. आणि टोळक्यातल्या त्या एकाचाही प्रश्न सुटलेला. एकाच पदार्थाने दोन्ही गणितं सोडवली. चलनांची तुलना करण्यासाठी ‘द इकॉनॉमिस्ट’ १९८६पासून बिग मॅकची किंमत वापरतं. भारतात बिग मॅक नाही म्हणून महाराजा मॅक धरतं. जुलै २०११च्या यादीत तो ८४ रुपयांना, म्हणजे १.८९ डॉलरला होता, तेव्हा अमेरिकेत बिग मॅक ४.०७ डॉलरला. निम्म्याहून कमी. चिकनचा बर्गर अमेरिकेच्या निम्म्या भावात देऊनही इथल्या कॉलेजच्या पोरासाठी तो चैनीचाच होता. त्याच्या खिशाला परवडत होती ती टिक्की.

ही किंमत ठेवता आली त्यामागे महाराष्ट्रातला माल आहे. आइसबर्ग लेट्यूस तळेगावच्या त्रिकायाचं, चीज बारामतीच्या डायनामिक्सचं, टिक्की तळोज्याच्या व्हिस्टाची. फिंगर चिप्स मात्र आधी परदेशातून येत, कारण आपल्या भाजीच्या बटाट्यात पाणी जास्त आणि तो तळल्यावर लिबलिबीत होतो. पुढे मॅककेनने गुजरातेत मेहसाण्याला कारखाना काढला आणि तिथल्या शेतकऱ्यांकडून वेगळ्या वाणांची लागवड करून घेतली.

पण इथेच मला या स्थानिकपणाची मर्यादा दिसते. आलू टिक्की उत्तरेची आहे. बोरिवलीच्या माणसाचा बटाटा हा नव्हे. त्याचा बटाटा मोहरी, हळद, कढीपत्ता, आलं-लसूण-मिरचीच्या ठेच्यातला, बेसनात बुडवून कढईत सोडलेला. गाडीवाला पाव पूर्ण न कापता पुस्तकासारखा उघडतो, एका बाजूला चिंचेची, दुसऱ्या बाजूला हिरवी चटणी फासतो, वर सुकी लसणाची चटणी भुरभुरतो, वडा ठेवून तळहाताने दाबतो आणि कागदात गुंडाळताना मिठात घोळलेली तळलेली मिरची कडेला खोचतो. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर न मागता चुरा पडतो. या सगळ्याला अर्धं मिनिटही लागत नाही.

जानेवारी २०१७मध्ये मॅकडोनल्ड्सने सकाळच्या नाश्त्याची नवी यादी आणली, तीही आधी मुंबईत. त्यात मसाला डोशाच्या चवीचा बर्गर होता, अंडा भुर्जी होती. मिसळ नव्हती, थालीपीठ नव्हतं, साबुदाणा वडा नव्हता. वडापाव कायमच्या यादीत कधीच आला नाही. कारण समजण्यासारखं आहे. मार्च २०२५ अखेर वेस्टलाइफची ६९ शहरांत ४३८ दुकानं होती. अहमदाबादपासून कोचीपर्यंत जे चालेल तेच गोठवून, पेटीत भरून पाठवता येतं. डोसा सगळ्या देशाला ठाऊक आहे, थालीपीठ नाही. हैदराबाद, बंगळूर, चेन्नईकडे हाडासकट तळलेली कोंबडी यादीत आली, कारण तिथे आकडे वेगळे आहेत: तमिळनाडूत शाकाहारी २.३५ टक्के, तेलंगणात १.३. चार-पाच राज्यं मिळून एक यादी बदलते. एका राज्यातल्या एका भाषेच्या माणसांसाठी बदलत नाही. आपली भाषा, आपला सण जाहिरातीत येतो, आपला पदार्थ येत नाही, हे मला मनापासून लागतं. पण दहा पावलांवर गरम वडापाव मिळत असताना गोठवलेला वडा कोण घेईल, हाही प्रश्न खराच.

उलट दिशेने मात्र बरंच काही घडलं. ऑगस्ट २००१मध्ये मालाड स्टेशनबाहेर धीरज गुप्तांनी जम्बोकिंग सुरू केलं. गाडीवर दोन रुपयांच्या आसपास मिळणारा वडापाव त्यांनी पाच रुपयांना, आकाराने मोठा आणि कागदात बांधून विकला. गिऱ्हाईक स्टेशनवरून घरी जाणारं, हातात फार वेळ नाही, बसायला जागा नको. मॅकडोनल्ड्सची शिस्त, ठरावीक वजन, फ्रँचायझी हे सगळं त्यांनी उचललं. पुढे या कंपनीने स्वतःची ओळख वडापाववाले अशी न ठेवता ‘इंडियन बर्गर’वाले अशी केली आणि आज तिची शंभराहून जास्त दुकानं आहेत. परदेशी कंपनी बटाट्याकडे आली आणि आपला वडापाव बर्गरकडे गेला. यातल्या दुसऱ्या प्रवासाबद्दल मी साशंक आहे. बन आला, मेयोनीज आलं, सुकी चटणी मागे पडली, तर उरलं काय?

साखळ्यांमध्ये कोण पुढे गेलं हे बघायचं तर पिझ्झा बघा. डॉमिनोजची मार्च २०२५ अखेर देशात २,१७९ दुकानं होती, बर्गर किंगची ५१३. या अंतराची कारणं अनेक आहेत: डॉमिनोज जानेवारी १९९६मध्ये आली, बर्गर किंग नोव्हेंबर २०१४मध्ये, घरपोच देण्याचा धंदाही निराळा. पण एक कारण पोळीतच आहे. पिझ्झा मुळात चीज आणि टोमॅटोचा असतो. शाकाहाऱ्यासाठी त्याला वेगळा अवतार घ्यावा लागत नाही. आणि शाकाहाऱ्याहून कडक पथ्य असलेल्यासाठी, म्हणजे जैन गिऱ्हाइकासाठी, कांदा-लसणाविना सॉस लावला की काम होतं.

जैनांचा आकडा राज्याच्या हिशेबात छोटा दिसतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात १४,००,३४९ जैन होते, सव्वा टक्का. मात्र देशातल्या ४४.५ लाख जैनांपैकी ३१ टक्के एकट्या महाराष्ट्रात आहेत, आणि घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत त्यांची मोठी वस्ती आहे. घाटकोपर पूर्वेच्या वल्लभबाग लेनच्या खाऊ गल्लीत संध्याकाळी उभं राहिलं तर हा सव्वा टक्का किती वजनदार आहे ते कळतं. ‘जैन की रेग्युलर?’ हा प्रश्न गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी येतो. पावभाजीच्या तव्याची एक कड जैन भाजीसाठी राखलेली किंवा तवाच दुसरा. बटाट्याच्या जागी कच्चं केळं उकडून कुस्करतात. कांदा-लसूण नाही, त्याची भरपाई टोमॅटो, सिमला मिरची आणि बटर करतं. डोसेवालाही भाजीला तेच करतो. केळ्याचा चिकटपणा बटाट्याच्या जवळ जातो आणि मसाला नीट परतला तर भाजी खरोखर चांगली लागते.

मॅकडोनल्ड्सला हे जमत नाही, कारण तिची टिक्की कारखान्यात बनून गोठून येते. तीत बटाटा आधीच आहे; काउंटरवर तो काढता येत नाही. तव्यावर शिजवणारा माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाचं पथ्य स्वतंत्र पाळू शकतो. ४३८ दुकानांना एकच माल पुरवणारी साखळी फक्त तेवढीच पथ्यं पाळू शकते जी कारखान्यात, एकदाच, सगळ्यांसाठी ठरवता येतात. गोमांस नको, डुकराचं मांस नको, अंड्याचं मेयोनीज नको: ही अशी पथ्यं. जैन पथ्य तसं नाही, आणि बुध-शुक्र-रविही तसं नाही. वारासाठी निदान व्हेज बर्गर तयार असतो.

अलीकडे आणखी एक खाणारा टेबलावर येऊन बसला आहे, पोषण मोजणारा. दहा किंवा त्याहून जास्त दुकानं असलेल्या साखळ्यांना २०२२पासून मेन्यूवर उष्मांक छापणं बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२४मध्ये वेस्टलाइफने म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या मदतीने ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, कोद्रा या पाच धान्यांचा बन आणला. आपल्या आज्यांनी रोज थापलेल्या भाकरीची दोन-तीन धान्यं अशी बर्गरच्या वाटेने नातवंडांपर्यंत पोचतात, याचा मला आनंद आहे. जुलै २०२५मध्ये त्याच संस्थेबरोबर सोया आणि वाटाण्याच्या प्रथिनांची एक चकती आली: २५ रुपयांना एक, पाच ग्रॅम प्रथिनं, कुठल्याही बर्गरमध्ये घालून मिळते. तिच्यात कांदा-लसूण नाही, म्हणजे घाटकोपर-मुलुंडचा तो सव्वा टक्का कारखान्यातल्या कुणीतरी लक्षात ठेवला होता. फक्त ती चकती आलू टिक्कीत घातली की जैन गिऱ्हाइकासाठी प्रश्न पुन्हा बटाट्याशी येऊन थांबतो, आणि कच्च्या केळ्याची टिक्की अजून तळोज्यात बनत नाही.